नाव न विचारलेली आई

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात एक पिवळा पडलेला फोटो आहे. १९७३ च्या उन्हाळ्यातला. नगर जिल्ह्यात दुष्काळी कामावर शेकडो माणसे खडी फोडत होती, माती वाहत होती, आणि मी गळ्यात उसना कॅमेरा अडकवून एका दैनिकासाठी फोटो काढत हिंडत होतो. बाभळीच्या तोकड्या सावलीत एक बाई बसली होती. मांडीवर तान्हे, पाठीला टेकलेली दोन पोरे, शेजारी सुकडीचे रिकामे भांडे. मी दोन-तीन वेळा कळ दाबली आणि पुढे गेलो. फोटो रविवारी मोठा छापून आला. ओळखीच्यांनी पाठ थोपटली, थोडेफार मानधनही मिळाले. बाईचे नाव मी विचारले नव्हते. कोणत्या गावची, मुले किती, हेही नाही. तेव्हा त्यात काही चुकले असे वाटले नाही, कारण फोटोखाली ‘दुष्काळाचा चेहरा’ असे छापायचे ठरले होते आणि चेहऱ्याला नाव कशाला हवे?

ते चुकले होते, हे मला फार उशिरा, आणि फार दूरच्या एका बाईमुळे कळले. त्या बाईची ही हकिगत आहे.

तिचा फोटो वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. छायाचित्रणावरचे कोणतेही जाडजूड पुस्तक उघडा, तो सापडतोच. मध्यभागी कपाळावर आठ्या पडलेली, उन्हाने रापलेली एक बाई. उजव्या हाताची बोटे गालाला टेकलेली, नजर कॅमेऱ्याकडे नाही, कुठेतरी पलीकडे. तिच्या दोन्ही खांद्यांवर डोके टेकून, आपल्याकडे पाठ फिरवून दोन पोरी उभ्या आहेत आणि मांडीवर मळक्या कपड्यात गुंडाळलेले तान्हे मूल झोपले आहे. जगात या फोटोला ‘मायग्रंट मदर’ म्हणतात. पोटासाठी गाव सोडून भटकणारी आई. अमेरिकेतल्या १९३० च्या दशकातल्या महामंदीचे नाव निघाले की हा फोटो येतो. तो काढणाऱ्या डोरोथिया लँग यांचे नाव मला तोंडपाठ होते. फोटोतल्या बाईला नाव होते आणि ते शोधले तर सापडते, हे मात्र मला पन्नाशीच्या आसपास कळले.

तिचे नाव फ्लॉरेन्स लिओना. माहेरचे आडनाव ख्रिस्टी. जन्म १ सप्टेंबर १९०३ चा, आज जिथे ओक्लाहोमा राज्य आहे त्या मुलखात. तेव्हा ते राज्य व्हायचे होते, ते झाले १९०७ साली. त्याआधी त्या भागाला ‘इंडियन टेरिटरी’ म्हणत, कारण पूर्वेकडच्या आदिवासी जमातींना त्यांच्या जमिनींवरून हुसकून सरकारने तिथे आणून वसवले होते. चेरोकी ही त्यांतली एक. फ्लॉरेन्स चेरोकी रक्ताची. गंमत पाहा, ज्या बाईच्या चेहऱ्यात अमेरिकेने आपली कष्टाळू गोरी शेतकरी आई पाहिली, ती बाई त्या भूमीच्या मूळ लोकांपैकी होती. हे कित्येक दशके कोणाला ठाऊकच नव्हते. ठाऊक असते तर तो फोटो इतका डोक्यावर घेतला गेला असता का, हा प्रश्न मला अजूनही पडतो.

बापाने तिच्या जन्माआधीच घर सोडले होते. आईने दुसरे लग्न केले, आणि फ्लॉरेन्स टाहलेक्वा गावाजवळच्या एका शेतावर वाढली. १९२१ साली सतरा वर्षांची असताना तिने क्लिओ ओवेन्स या शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न केले. पाळणा लगेच हलू लागला. तीन मुले झाल्यावर १९२५-२६ च्या सुमारास हे बिऱ्हाड पश्चिमेला, कॅलिफोर्नियात आले. लाकडाच्या वखारी आणि सॅक्रामेंटो खोऱ्यातली शेते इथे नवऱ्याला काम मिळत होते.

या सालाकडे जरा लक्ष द्यावे. ओक्लाहोमाच्या शेतांवर धुळीची वादळे आली, जमिनी उडून गेल्या आणि हजारो कुटुंबे मोटारींवर गाद्या बांधून कॅलिफोर्नियाकडे निघाली, ती १९३० नंतर. फ्लॉरेन्स त्याच्या आधी आलेली होती. म्हणजे धुळीने देशोधडीला लावलेली बाई म्हणून जिचा फोटो शाळेच्या पुस्तकांत छापला जातो, ती त्या लोंढ्यातली नव्हतीच. तिच्यावरचे संकट साधे होते, आपल्याकडच्या कोणत्याही खेड्यात समजेल असे. १९३१ साली नवरा क्षयाने गेला. पदरात पाच मुले, आणि सहावे पोटात. वय अठ्ठावीस.

पुढची दोन-तीन वर्षे तिने कशी काढली हे तिच्या मुलांनी नंतर सांगितले आहे. दिवसा शेतात, रात्री खाणावळीत. १९३३ मध्ये तिला आणखी एक मूल झाले. लग्नाचे नव्हते. बाप गावातला वजनदार माणूस होता, आणि ते लोक मूल आपल्यापासून काढून घेतील या धास्तीने ती सगळी मुले घेऊन काही काळ ओक्लाहोमाला परत गेली. पुढे आईवडिलांना बरोबर घेऊन पुन्हा कॅलिफोर्नियात आली. हा प्रसंग काही चरित्रलेखक चटकन उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. कारण त्या बाईची सगळी धडपड त्यातून समजते. पोट भरणे ही एक काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी होती ती मुले एकत्र ठेवण्याची. एकही मूल कुणाच्या दारात ठेवायचे नाही, आश्रमात द्यायचे नाही. त्या काळात गरिबीपायी अनेक आयांना ते करावे लागले. हिने केले नाही.

नंतर जिम हिल नावाचा माणूस तिच्या आयुष्यात आला. त्याच्यापासून तिला तीन मुले झाली. सगळी मिळून दहा.

कॅलिफोर्नियातली शेतमजुरी कशी चाले हे समजल्याशिवाय पुढचे कळायचे नाही. तिथली शेते आपल्यासारखी दोन-चार एकरांची नव्हेत, एकेका मालकाची हजारो एकरांची. मालकाला मजूर हवेत ते तोडणीच्या काही आठवड्यांपुरते, बाकी वर्षभर नकोत. म्हणून माणसे पिकामागे फिरत. शरदात सॅन वाकीन खोऱ्यात कापूस, हिवाळ्यात दक्षिणेला इंपीरियल खोऱ्यात भाजीपाला, वसंताच्या तोंडावर समुद्रकाठी वाटाणा, मग लेट्यूस, मग फळे. मजुरी दिवसावर नव्हे, वजनावर. पीक बुडाले की मजुरी बुडाली, आणि पुढच्या गावाला जायला मोटारीत पेट्रोल घालायचे पैसेही बुडाले. ओक्लाहोमाकडून आलेल्यांना तिथले लोक ‘ओकी’ म्हणून हिणवत. कामाला हवेत, पण गावात नकोत.

फ्लॉरेन्स उजाडायच्या आत कापसाच्या शेतात उतरे आणि डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत वेचत राही. दिवसाला साडेचारशे ते पाचशे पौंड कापूस. आपल्या हिशेबाने दोनशे किलोच्या वर. तिचे स्वतःचे वजन तेव्हा शंभर पौंडसुद्धा नव्हते, असे तिने म्हातारपणी सांगितले आहे. कापूस वेचण्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. बोंडाच्या काट्यांनी बोटे फाटतात, पाठ वाकलेली ती वाकलेलीच राहते, आणि मागे लांबलचक पोते ओढत न्यायचे असते. तान्हे मूल त्या पोत्यावरच निजवलेले असे. पोते भरत जाई तसतशी त्याची गादी उंच होई.

बेकर्सफील्ड गावात काही दिवस हे कुटुंब एका पुलाखाली राहत होते. अशा वस्त्यांना लोक त्या वेळच्या राष्ट्राध्यक्षाच्या नावाने ‘हूवर कॅम्प’ म्हणत. जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी १९३९ साली आली. तिच्यात या पुलाखालच्या माणसांबद्दल आहे, आणि त्या माणसांत आपणही होतो, असे फ्लॉरेन्सने नंतर सांगितले. तिथून ती चालत गावात एका हलक्या खाणावळीत कामाला जाई. दिवसाचे पन्नास सेंट आणि उरलेसुरले अन्न. कधी कधी ते अन्न पाण्याच्या दोन बादल्या भरून निघे, आणि त्या बादल्या घेऊन ती परत पुलापर्यंत येई. मुले वाट बघत असत. तिच्या एका मुलीने फार पुढे, २००८ मध्ये सांगितले की आई कधी कधी जेवत नसे, पण आम्हांला मात्र काहीतरी मिळेच. आपल्याकडेही अशा आया घरोघर होत्या. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल ते त्यांचे, आणि उरले नाही तर आज उपास आहे असे सांगायचे.

आणि तरी ती रडवी बाई नव्हती. हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण फोटो पाहून आपली समजूत तशीच होते. तिला गाणी आवडत. मोंटाना स्लिम नावाचा एक गवई होता, त्याची गाणी ती हौसेने ऐके. हसे, थट्टा करे. शेतमजुरांच्या मजुरीचा प्रश्न आला की बोलायला पुढे होई. मुलांच्या सांगण्याप्रमाणे ती चारचौघांना बरोबर घेऊन जाणारी होती. अशा बाईचा फोटो कोणी काढला असता, तर तो निराळा निघाला असता.

आता मार्च १९३६. इंपीरियल खोऱ्यातले बीटचे काम संपवून हे बिऱ्हाड १०१ क्रमांकाच्या हमरस्त्याने उत्तरेला वॉट्सनव्हिलकडे निघाले होते. तिकडे लेट्यूसचे काम मिळेल अशी आशा होती. वाटेत निपोमो गावाजवळ मोटारीची टायमिंग चेन तुटली. गाडी कशीबशी घरंगळत एका पालवस्तीच्या तोंडाशी जाऊन थांबली. ही वाटाणा तोडणाऱ्या मजुरांची वस्ती. अडीच ते साडेतीन हजार माणसे तिथे अडकून पडली होती. गारठ्याने आणि पावसाने वाटाणा जागेवर सडला होता. पीक नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणून तिथून निघताही येत नाही.

फ्लॉरेन्सने पाल ठोकले आणि मुलांसाठी चूल पेटवली. अन्न शिजल्याचा वास पसरला तशी वस्तीतली परकी पोरे भोवती गोळा झाली आणि एक घास मागू लागली. हा प्रसंग तिने स्वतः सांगितला आहे. तिला त्या वस्तीची आठवण राहिली ती ही. आपण उपाशी होतो अशी नव्हे, तर आपल्यापेक्षा उपाशी माणसे तिथे होती अशी. जिम हिल दोन मुलांना घेऊन गाडीचा रेडिएटर दुरुस्त करायला गावात गेला होता.

तेवढ्यात डोरोथिया लँग आल्या.

लँगबाईंबद्दल कडू लिहायचा माझा हेतू नाही. १८९५ साली जन्मलेली, सातव्या वर्षी पोलिओने एक पाय अधू झालेली, आयुष्यभर लंगडत चालणारी ही बाई सान फ्रान्सिस्कोत श्रीमंतांचे फोटो काढण्याचा उत्तम चाललेला स्टुडिओ सोडून बेकारांच्या रांगांकडे वळली. १९३५ पासून त्या रीसेटलमेंट अॅडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यासाठी काम करत होत्या. ग्रामीण दारिद्र्याचे फोटो काढून ते वर्तमानपत्रांना पुरवायचे आणि मदतीच्या योजनांना लोकांचा पाठिंबा मिळवायचा, हे खात्याचे धोरण. त्यांना स्वतःला दोन मुलगे होते आणि कामासाठी भटकताना त्यांना दुसऱ्यांच्या घरी ठेवावे लागे. त्याची खंत त्यांना होती. त्या दिवशी महिन्याभराचा दौरा संपवून त्या घरी परतत होत्या. रस्त्याकडेची वाटाणेवाल्यांच्या वस्तीची पाटी पाहून न थांबता वीस मैल पुढे गेल्या, आणि मग काहीतरी मनात येऊन मागे फिरल्या. हे सगळे त्यांनी १९६० मध्ये एका मासिकात लिहिले. पालाजवळ गेल्या, जवळ जवळ सरकत काही फोटो काढले, दहाएक मिनिटांत काम आटोपले. बाईचे वय विचारले, ते बत्तीस निघाले. नाव विचारले नाही.

त्यांनी लिहिले की हे कुटुंब गोठलेल्या भाज्या आणि मुलांनी मारलेली पाखरे यांवर जगत होते, आणि खाण्यासाठी त्यांनी नुकतेच मोटारीचे टायर विकले होते. मुलांनी पुढे हे साफ नाकारले. टायर विकले असते तर गाडी त्याच दिवसांत वॉट्सनव्हिलला पोचली कशावर? एका मुलाचा तर्क असा की लँगबाईंनी दोन कुटुंबांच्या हकिगती एकमेकींत मिसळल्या. तो बरोबर असावा. दिवसाला चाळीस माणसांशी बोलल्यावर असे होते, मी स्वतः केलेले आहे. फोटो कुठे छापणार नाही, असे लँगबाईंनी आपल्याला सांगितले होते, ही फ्लॉरेन्सची आठवण. खरे कोणाचे, ते आता त्या दोघींनाच माहीत.

१० मार्च १९३६ ला ‘सान फ्रान्सिस्को न्यूज’ या दैनिकात वस्तीची बातमी फोटोंसह आली. खळबळ उडाली. सरकारने तातडीने वीस हजार पौंड धान्य निपोमोला पाठवले. फोटोने कोणाचे पोट भरल्याची इतकी रोकडी उदाहरणे थोडी असतील, आणि ते श्रेय लँगबाईंचेच. मात्र धान्य पोचले तोवर फ्लॉरेन्सचे बिऱ्हाड तिथून निघून गेले होते. त्यातला एक दाणाही तिच्या मुलांच्या तोंडी पडला नाही.

वॉट्सनव्हिलला काय घडले ते मुलांच्या आठवणीत आहे. तिच्या मुलाच्या हातात वर्तमानपत्र आले, आणि त्यात आई. नेमका त्या प्रतीत तिच्या कपाळावर शाईचा डाग पडला होता. पोराला वाटले, आईला कोणी गोळी घातली. तो धावत सुटला. येऊन बघतो तर आई आपल्या कामात होती.

त्यानंतर फोटो आपल्या वाटेने गेला आणि बाई आपल्या. फोटो सरकारी कामातला, म्हणून त्यावर कोणाचा हक्क नव्हता. कोणीही उचलावा आणि छापावा. पुस्तके, प्रदर्शने, भित्तिचित्रे, सगळीकडे तो गेला. मूळ फोटोत खाली उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा दिसत होता. तो नजरेला खटकतो म्हणून १९३९ च्या सुमारास लँगबाईंनी पुसून घेतला. फोटो निर्दोष झाला. लँगबाईंना त्यातून थेट पैसा मिळाला नाही, हेही सांगायला हवे. पण नाव मिळाले, आणि त्या नावावर पुढची कामे.

बाईची वाट अशी. तिने शेतात काम केले, स्वयंपाकिणीचे केले, दारूच्या गुत्त्यात पेले भरले, इस्पितळात राबली. १९४५ च्या सुमारास मोडेस्टो गावात स्थिरावली. युद्धानंतर जॉर्ज थॉम्पसन या इस्पितळात व्यवस्थापक असलेल्या गृहस्थाशी तिचे लग्न झाले, आणि चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा महिनाअखेरची चिंता तिच्या घरातून गेली. मुले मोठी झाली, कामाधंद्याला लागली, त्यांची लग्ने झाली. या वीस-पंचवीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे, आणि मला वाटते तिला तेच हवे होते.

फोटो मात्र पाठ सोडीना. १९५८ साली एका छायाचित्र-मासिकात तो पुन्हा तिच्या नजरेस पडला. तिने मासिकाला पत्र धाडले. आपल्याला न विचारता हा फोटो छापला जातो, न विकलेले अंक मागे घ्या, नाहीतर कोर्टात जाईन, असा त्याचा आशय. पत्र लँगबाईंपर्यंत गेले, त्या हादरल्या. पण फोटो त्यांच्याही हातातला राहिला नव्हता. प्रकरण तिथेच विरले. लँगबाई १९६५ मध्ये वारल्या. त्या दोघींची पुन्हा भेट झाली नाही.

१९७८ मध्ये मोडेस्टोच्या स्थानिक दैनिकाच्या वार्ताहराने, एमेट कॉरिगनने, तिला शोधून काढले. चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोवरून त्याने तिला ओळखले. ती तेव्हा पंचाहत्तरीत होती. आणि राहत कुठे होती? चाकांवरच्या घरात. मुलांनी पैसे जमवून तिच्यासाठी गावात पक्के घर घेतले होते, पण तिला ते मानवेना. ती उठून परत चाकांच्या घरात राहायला गेली. तरुणपणी भटकणे नशिबी आले म्हणून ज्या बाईची जगाने कीव केली, तिला म्हातारपणी जमिनीत रुतलेल्या घरात झोप लागत नव्हती.

तिची तक्रार आता देशभर छापली गेली. तो फोटो काढलाच नसता तर बरे झाले असते. त्या बाईने माझे नाव विचारले नाही. फोटो विकणार नाही म्हणाली, एक प्रत पाठवते म्हणाली, ती आली नाही. आणि मला त्यातून एक पैसाही मिळाला नाही. लोकांना शेवटचे वाक्य तेवढे ऐकू आले, आणि म्हातारी पैशासाठी भांडते असे काही जण म्हणाले. मी त्या बातम्या वाचल्या तेव्हा मला पहिले वाक्य ऐकू आले होते. मी कपाट उघडून माझा फोटो काढला आणि बराच वेळ पाहत बसलो. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावाला जाऊनही आलो. रस्ता डांबरी झाला होता, बाभळ नव्हती. कामावर पाच-पंचवीस गावची माणसे होती, त्यांतली कोणती बाई, कोण सांगणार? फोटो दाखवला तर म्हाताऱ्या बायका हसल्या. तेव्हा आम्ही सगळ्याच अशा दिसत होतो, म्हणाल्या.

फ्लॉरेन्सच्या मुलांना तर त्या फोटोची लाज वाटे. मुली सांगत की आपण पुन्हा कधी इतके गरीब व्हायचे नाही, हे त्या फोटोने मनावर कोरले. लहानपणी जे नुसते जगणे होते, ते इतरांनी पाहिले की दारिद्र्य होते. बाहेरच्याला हे कळत नाही. चुलीपाशी बसलेल्या पोराला आपण गरीब आहोत हे ठाऊक नसते, कोणीतरी येऊन सांगावे लागते.

ऑगस्ट १९८३ मध्ये तिला अर्धांगाचा झटका आला. कर्करोग होता, हृदयही थकले होते. चोवीस तास शुश्रूषा लागत होती आणि तिचा खर्च मुलांच्या आवाक्याबाहेर गेला. तेव्हा ज्या फोटोचा ती राग करत होती, त्याच फोटोच्या नावाने मुलांनी लोकांना मदतीचे आवाहन केले. हा निर्णय घेताना त्यांना काय वाटले असेल! देशभरातून पस्तीस हजार डॉलरहून अधिक रक्कम आली. कोणी एक डॉलर, कोणी पाच. त्यांबरोबर सुमारे दोन हजार पत्रे. पत्रे लिहिणाऱ्यांत अनेक जण असे होते की त्यांचे आईबाप त्याच रस्त्यांवरून, तशाच मोटारींतून गेले होते. कोणी लिहिले की हा फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे, कारण आमच्या आईचा फोटो कोणी काढला नाही. ही पत्रे वाचून आमचे मन बदलले, असे मुलांनी कबूल केले. तोवर तो फोटो त्यांना शाप वाटत होता. लोक आईची कीव करत नव्हते, तिच्यात आपली आई पाहत होते, हे त्यांना तेव्हा उमगले.

फ्लॉरेन्सला त्यातले किती कळले कोणास ठाऊक. १६ सप्टेंबर १९८३ ला स्कॉट्स व्हॅली येथे ती वारली. ऐंशी वर्षे पूर्ण होऊन पंधरा दिवस झाले होते. ह्यूसन गावच्या दफनभूमीत ती नवऱ्याशेजारी आहे. थडग्यावर तिचे पूर्ण नाव आहे, आणि त्याखाली त्या फोटोचे नाव.

१९९८ मध्ये लँगबाईंच्या हस्ताक्षरातल्या टिपा असलेली त्या फोटोची एक जुनी प्रत लिलावात २,४४,५०० डॉलरला गेली. त्याच वर्षी अमेरिकन टपाल खात्याने त्याचे ३२ सेंटचे तिकीट काढले. हयात माणसांचे चित्र तिकिटावर न छापण्याची त्या खात्याची रीत, पण इथे ती मोडली गेली, कारण फोटोतल्या मुली तेव्हा जिवंत होत्या.

तिचा आणखी एक फोटो आहे, तो फारसा कोणी पाहिलेला नाही. बिल गँझेल नावाच्या छायाचित्रकाराने १९७९ साली काढलेला. मंदीच्या काळातल्या फोटोंमधली माणसे शोधत तो देशभर फिरला होता, आणि शेतातल्या कामाच्या, पुलाखालच्या बादल्यांच्या ज्या आठवणी मी वर दिल्या आहेत त्यांतल्या बऱ्याच तिने त्यालाच सांगितल्या. त्या फोटोत तिच्याबरोबर तिच्या तीन मुली आहेत. १९३६ च्या फोटोतल्याच तिघी. दोघी खांद्यांवर तोंड लपवणाऱ्या, एक मांडीवरची. फोटोखाली चौघींची नावे छापली आहेत.